आईस हॉकीचे नियम तुमच्या हातात दिले तर काय बदलाल?

देवगडी_मोहर:

मंडळी, प्रश्न वाचून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी देवगड तालुक्यातला आंबेवाला, कातळावरची कलमं, घरच्या फ्रीजबाहेर बर्फ बघितला तो फक्त मासळीच्या लिलावात, आणि गेले दोन हिवाळे मी एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आईस हॉकीची मोठी लीग, बघतोय. भाचा टोरांटोजवळ असतो, त्याने नाद लावला. थंडीत तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, मोहरावर फवारणीला माणसं यायच्या आधी दोन पीरियड (मॅचचे २०-२० मिनिटांचे तीन भाग, त्यातले दोन) आरामात बघून होतात, चहा हातात आणि कानात इयरफोन, नाहीतर आई आतून विचारते की पहाटे पहाटे कोण बोंबलतंय.

तर दोन वर्षं जागरण केलंय म्हणजे आता रागवायचा हक्क आला असं समजून लिहितो.

माझा पहिला राग ओव्हरटाइमवर. साखळी सामन्यात ६० मिनिटांनी बरोबरी असली की ५ मिनिटं जादा, दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू, जो आधी गोल करेल तो जिंकला. २०१५-१६ च्या सीझनला हे आणलं तेव्हा धमाल होती असं भाचा सांगतो, मोकळा बर्फ, इकडून धाव तिकडून धाव. आता कोच लोक शहाणे झालेत. पक (खेळायची ती काळी चकती) मिळाला की सोडायचा म्हणून नाही, समोर जागा दिसली नाही की वळायचं, पार आपल्या गोलकीपरपर्यंत मागे यायचं, तिथे दमलेला खेळाडू बदलायचा, परत पुढे, परत मागे. आमच्या दशावतारात राक्षस एंट्री घेऊन फेऱ्या मारतो तशा फेऱ्या, फक्त राक्षस शेवटी लढतो तरी.

दुसरा राग त्या फुकटच्या गुणावर. ६० मिनिटांत निकाल लागला तर जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला ०. पण मॅच ओव्हरटाइमला गेली की हरणाऱ्यालाही १. म्हणजे एकाच मॅचमध्ये कधी २ गुण वाटायचे, कधी ३. मग २-२ असताना शेवटची सात-आठ मिनिटं दोघंही गप्प बसणारच ना, एक गुण खिशात आलेला कोण सोडेल.

तिसरा ऑफसाइडचा रिव्ह्यू. पकच्या आधी आपला खेळाडू समोरच्यांच्या निळ्या रेषेच्या आत गेला की ऑफसाइड. गोल झाला, लोक नाचले, मग पाच मिनिटं टॅबलेट घेऊन बघणार की निळ्या रेषेवर स्केटचं पातं बोटभर पुढे होतं का. तोवर माझा चहा निवतो.

माझा उपाय साधा आहे, गोलपोस्ट मोठी करा. ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, त्यात तो गोलकीपर एवढाले पॅड घालून बसला की हवा तरी जाते का आत? फूटभर रुंदी वाढवली की सगळे प्रश्न सुटले. तुम्हाला काय वाटतं? कोणी बघतं का इथे हे, का मीच एकटा वेडा?


मालवणचो_गजालीकार:

अरे मेल्या, आमका बर्फ खंय गावता? बंदरार पेटयेत, आणि तो पण सुरमयच्या पोटाखाली. तेच्यार स्केटां घालून धावतलो कोण? माका साधो प्रश्न आसा, ती काळी चकती तुमका टीव्हीर दिसता तरी काय? मी पाच मिनटां डोळे फाडून बघितलंय, माका गावली नाय. लोकां आराडली की गोल झालो समाजचा, असाच ना?


बोटीवरचा_काका:

गजालीकार, तुम्ही एकटे नाही. चकती १ इंच जाड आणि ३ इंच रुंद, ती पण खेळायच्या आधी गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही. दिसणार कशी? १९९६ साली अमेरिकेतल्या फॉक्स चॅनलने त्यावर इलाजच केला होता, पकच्या आत सर्किट बसवलं आणि टीव्हीवर त्याभोवती निळा उजेड, जोरात मारला की मागे लाल शेपूट. नवीन लोकांना आवडलं, जुन्या लोकांनी शिव्या घातल्या, दोन-तीन वर्षांत बंद. म्हणजे नियम बदलताना कोणासाठी बदलताय हे आधी ठरवावं लागतं, आमच्यासारख्या जुन्यांना विचारलं तर काहीच बदलू नका म्हणतील.

मी रत्नागिरीचा, तीस वर्षं बोटीवर इंजिनात काढली, आता घरी. हॅलिफॅक्सला हिवाळ्यात बऱ्याच वेळा लागायचो. खलाशांच्या क्लबमध्ये टीव्हीवर हेच चालू. एकदा तिथल्या एजंटने पोरांच्या ज्युनियर मॅचचं तिकीट दिलं होतं, अगदी कडेला बसलो होतो. मोहरदादा, टीव्हीवर तुम्हाला कळत नाही ते तिथे कळतं, अंग मैदानाभोवतीच्या फळीवर आपटतं तो आवाज, होडी धक्क्याला लागते तसा, बाकावरचा चहा हलतो. आणि खेळाडू पाऊण मिनिटात बदलतात. पाऊण मिनिट! त्याच्या पुढे माणूस त्या वेगात टिकत नाही.

यात एक गंमत आहे जी मला कोचीनच्या एका सेकंड इंजिनियरने दाखवली. दुसऱ्या पीरियडला संघ बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करताना बदली खेळाडूंचा आपला बाक लांब पडतो. दमलेल्या माणसाला बाहेर यायला लांब जावं लागतं, मध्येच पक गेला की तो अडकला. म्हणून दुसऱ्या पीरियडला गोल जास्त होतात. आता सांगा, पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडला पण बाक लांबच्याच बाजूला येईल अशी सुरुवात केली तर? गोलपोस्टला हात नाही, पॅडला हात नाही, पैसा खर्च नाही, फक्त कोण कुठल्या बाजूला उभा राहतो ते बदललं. ओव्हरटाइमला त्यांनी हे ऑलरेडी केलंय, २०१४-१५ पासून.


पेणचा_पंच:

आईस हॉकी मी आयुष्यात बघितलेली नाही, आधीच सांगतो. पण कबड्डी तीस वर्षं, आधी खेळलो, आता पंच. आणि मोहरभाऊ तुमची पोस्ट वाचून मला वाटलं हा माणूस आमच्याच जुन्या कबड्डीबद्दल लिहितोय.

सांगतो कसं. गावच्या स्पर्धेत फायनल, रात्रीचे दोन, एक संघ चार गुणांनी पुढे आणि दहा मिनिटं बाकी. काय करणार? चढाईपटू जाणार, निदानरेषा ओलांडणार, दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे, परत. परत तेच. समोरचा पण हात घालत नाही कारण हात घातला आणि सुटला तर गुण जाणार. शेवटची दहा मिनिटं निम्मं पब्लिक उठून वडापावच्या गाडीवर. मी स्वतः शिट्टी तोंडात धरून जांभई दिलेली आहे.

मग २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि त्या नियमांनी काय केलं बघा. मैदान मोठं केलं नाही, गुण स्वस्त केले नाहीत. लपणाऱ्याला पकडलं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, गुण आण नाहीतर बाहेर बस. म्हणजे रिकामी चढाई बंद नाही केली, तिला किंमत लावली. आणि दुसरा सुपर टॅकल, तो माझा जास्त लाडका. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले आणि त्यांनी चढाईपटू पकडला तर एक गुण जादा. आधी तीन जण उरले की लोक म्हणायचे संपलं, लोण बसणार, चला घरी. आता तीन जण उरले की लोक खुर्चीच्या टोकावर येतात, कारण आता पारडं फिरू शकतं. चढाईला जाणारा पण घाबरतो, समोर तिघेच असून घाबरतो!

तुमच्याकडे हा प्रकार आहे का? म्हणजे खेळाडू कमी असलेल्या बाजूला काही बक्षीस?


देवगडी_मोहर:

पंच साहेब, तुम्ही न बघता बरोब्बर नस पकडलीत. आमच्याकडे फाऊल केला की खेळाडू २ मिनिटं पेटीत बसतो, समोरचे पाच आणि आपले चार, त्याला पॉवर प्ले म्हणतात. आणि या दोन मिनिटांत कमी खेळाडूवाला संघ काय करतो? पक मिळाला की सरळ लांब भिरकावून देतो पलीकडच्या टोकाला. एरवी असं केलं तर आयसिंग म्हणून शिट्टी होते, पण खेळाडू कमी असताना ते माफ असतं. म्हणजे ज्याने गुन्हा केला त्यालाच वेळकाढूपणाची सवलत! शिक्षा भोगणाऱ्याला सावलीत खुर्ची दिल्यासारखं.

आणि तुमचा सुपर टॅकल पण आहे, एनएचएलमध्ये नाही पण बायकांच्या लीगमध्ये. पीडब्ल्यूएचएल, पहिली मॅच १ जानेवारी २०२४ ला झाली. त्यांनी नियम आणला की खेळाडू कमी असताना तुम्ही गोल केला तर तुमची पेटीतली खेळाडू लगेच सुटते. जेलब्रेक म्हणतात. तुरुंग फोडला! मी याचे फक्त क्लिप बघितलेत पण भाची (भाच्याची बायको, तिला मी भाचीच म्हणतो) सगळ्या मॅच बघते, ती म्हणते की त्यामुळे चौघी जणी नुसत्या घुटमळत नाहीत, संधी दिसली की सुसाट पुढे जातात.


बोटीवरचा_काका:

जेलब्रेक चांगलाय पण तो एका बाजूचा झाला. दुसऱ्या बाजूचं पण ऐका, हे जुनं आहे आणि लोक विसरलेत. आधी नियम असा होता की छोट्या शिक्षेचे २ मिनिटं म्हणजे पूर्ण २ मिनिटं, मध्ये कितीही गोल झाले तरी खेळाडू पेटीतच. मग मॉन्ट्रियलचा संघ एवढा भारी झाला की एकदा पेटीत माणूस गेला की समोरचा संघ धुऊन निघायचा. ५ नोव्हेंबर १९५५ ला बोस्टनविरुद्ध त्यांच्या ज्याँ बेलिव्होने ४४ सेकंदात तीन गोल केले. चव्वेचाळीस सेकंद, आपल्याकडे तेवढ्यात बिडी पेटत नाही. १९५६ ला नियम बदलला, एक गोल झाला की खेळाडू बाहेर. एका संघाला आवरायला केलेला नियम आजपर्यंत सगळ्यांना लागू आहे, तो संघ कधीच विखुरला तरी.

माझं म्हणणं, पूर्ण दोन मिनिटं परत आणा आणि सोबत जेलब्रेक पण द्या. मोठी शिक्षा आणि सुटायची वाट, दोन्ही.


चिपळूणची_गोलकीपर:

थांबा थांबा, गोलपोस्ट मोठी करा म्हणणाऱ्या मोहरभाऊंना आधी उत्तर देते मग बाकी. मी माहेरची कोल्हापूरची, कॉलेजात मैदानी हॉकी खेळले, गोलकीपर. आमची पोस्ट १२ फूट बाय ७ फूट. तुम्ही सांगताय तशी पोस्ट रुंद केली तर काय होईल माहितीये का, लोक लांबूनच मारतील. आत्ता सहा फुटांच्या पोस्टमध्ये गोल करायचा तर पास द्यावा लागतो, गोलकीपरला एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूला पक न्यावा लागतो, ते बघण्यासारखं असतं. पोस्ट मोठी केली की ते कशाला कोण करेल. गोल वाढतील, खेळ स्वस्त होईल. मासे स्वस्त झाले म्हणून चव वाढत नाही.

आणि गोलकीपरवर राग काढायची ही सवय सगळीकडे सारखीच. २००५ ला लॉकआउट (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती तो) संपून एनएचएल परत सुरू झाली तेव्हा पण पॅड १२ इंचांवरून ११ वर आणले, गोलमागे रेघा मारून सांगितलं की याच्या बाहेर कोपऱ्यात गोलकीपरने पकला हात लावायचा नाही. का? कारण ब्रॉड्यूरसारखे गोलकीपर पक इतका छान खेळवत होते की समोरच्यांची पंचाईत. चांगलं खेळला म्हणून शिक्षा! बॅट्समन फार छान स्वीप करतो म्हणून तिथे खेळायचंच नाही असं कोणी सांगेल का? मला विचाराल तर त्या रेघा आधी पुसा. गोलकीपर बाहेर आला की चुकतो पण, आणि गोलकीपर पोस्ट सोडून बाहेर असताना पक हुकला याच्यासारखं थरारक दुसरं काही नाही. (माझा हुकलाय. विद्यापीठाच्या मॅचला. विषय वाढवू नका.)

कमी खेळाडूंचा मुद्दा मात्र शंभर टक्के. पॅरिस ऑलिंपिकमधली मैदानी हॉकीची क्वार्टर फायनल आठवते ना सगळ्यांना, ४ ऑगस्ट २०२४, ब्रिटनविरुद्ध, १७ व्या मिनिटाला रोहिदासला रेड कार्ड आणि मग उरलेली मॅच आपण दहा जणांत खेळलो. पोस्टमध्ये श्रीजेश. १-१ आणि मग शूटआउटला ४-२. त्या दिवशी आमच्या घरात सासूबाईंनी पण दुपारची झोप टाकली होती, त्यांना हॉकीतला ह माहीत नाही. अकरा वि. अकरा असतं तर टाकली असती का मला शंका आहे. दहा जण झाले म्हणून ती मॅच झाली.


सडा_बॉईज:

मी क्रिकेटवाला, मध्येच बोलतो. वर कोणीतरी पक भिरकावण्याबद्दल लिहिलंय. तो मैदानाभोवतीच्या काचेच्या वरून बाहेर गेला तर काय? आमच्या सड्यावरच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला नियम आहे, बॉल विहिरीत मारला की आऊट आणि काढायचा पण त्यानेच. त्यावरून दरवर्षी भांडण.


देवगडी_मोहर:

हा हा, विहिरीचा नियम त्यांच्याकडे पण आहे! बचाव करताना आपल्या भागातून पक सरळ काचेवरून बाहेर मारला की २ मिनिटं पेटीत, मुद्दाम मारला का चुकून हे विचारतच नाहीत. हा पण २००५ चा. लोकांना राग येतो की पोराची चूक नव्हती तरी शिक्षा, पण मला आवडतो, कारण पंचाला मन वाचायला लागत नाही. फक्त पक काढायला त्याला पाठवत नाहीत, प्रेक्षक घरी घेऊन जातो.


पेणचा_पंच:

गोलकीपर ताई बरोबर बोलल्या. आता मोहरभाऊंच्या त्या फेऱ्यांवर या. तीनास तीनमध्ये मागे मागे पळतात त्याला डू ऑर डाय लावायचा कसा? माझ्या डोक्यात असं येतंय, मैदानाच्या मध्यावर रेघ असेलच ना? एकदा ती ओलांडून पुढे गेलात की परत मागे यायचं नाही. आलात तर शिट्टी, आणि खेळ तुमच्याच गोलसमोर सुरू होणार. बास्केटबॉलला आहे असं, पोरांना शाळेत शिकवतो आम्ही, ८ सेकंदात मध्य ओलांडायचा आणि परतायचं नाही.


बोटीवरचा_काका:

हे तिकडे पण बोलतात लोक, क्लबमधले म्हातारे तर तीनास तीन आल्यापासून हेच बोलतात. पण पंच, एक अडचण आहे. कबड्डीत चढाईपटू एकटा असतो, त्याला ढकललं की तो जातो. इथे मागे यायची सोय काढून टाकलीत तर बचाव करणारे तिघे निळ्या रेषेवर भिंत करून उभे राहतील, त्यांना माहीत आहे की समोरच्याला मागे जाता येत नाही. मग पक घालवून बसणार. म्हणजे जो आक्रमण करतो त्यालाच तुम्ही बांधलंत. मला खात्री नाही याने फेऱ्या थांबतील की नुसत्या शिट्ट्या वाढतील.


पेणचा_पंच:

काका, भिंत केली तर भिंतीमागे जागा असते. आमच्याकडे पण आधी हेच म्हणाले होते की डू ऑर डायमुळे बचावाचं फावेल, साखळी धरून बसतील. फावलं थोडं. पण चढाईवाले नवीन चाली शिकले. नियम बदलला की पहिल्या वर्षी सगळे रडतात, दुसऱ्या वर्षी कोचिंगला तेच शिकवतात.


बोटीवरचा_काका:

ते पटलं अर्धं. अर्धं नाही पटलं.


चिपळूणची_गोलकीपर:

मला ओव्हरटाइमचा खरा घोळ फेऱ्यांत नाही दिसत, गुणात दिसतो. बायकांच्या लीगमध्ये सरळ हिशोब आहे, ६० मिनिटांत जिंकलात तर ३, ओव्हरटाइमला किंवा तिथेही गोल न झाल्यावरच्या शूटआउटला जिंकलात तर २, तिथे हरलात तर १, बाकी ०. कुठलीही मॅच घ्या, तीनच गुण वाटले जाणार. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना पण हेच. मग २-२ असताना शेवटच्या आठ मिनिटांत गप्प बसणं महागात पडतं, कारण एक अख्खा गुण जातो हातातून. एनएचएलला हे करायला काय जातं मला कळत नाही, ऐंशीहून जास्त मॅचचा सीझन असतो त्यांचा, एवढ्या मॅचच्या शेवटची आठ-आठ मिनिटं जागी होतील.

आणि अजून एक तिरपांगडा नियम, एनएचएलमध्ये ओव्हरटाइमला तुम्ही गोलकीपर काढून जादा खेळाडू आणलात आणि समोरच्याने रिकाम्या पोस्टमध्ये गोल केला तर तुमचा तो हरल्याचा १ गुण पण जातो. म्हणजे धाडस केलं म्हणून वेगळा दंड! जे करायला लोक तिकीट काढतात तेच करू नका सांगणारा नियम. हा उद्या सकाळी काढून टाकला तरी चालेल.

बायकांच्या लीगचं अजून एक आवडतं. बाद झालेल्या संघांना पुढच्या वर्षी चांगले खेळाडू निवडायला आधी संधी मिळते हे तिकडच्या बऱ्याच लीगमध्ये असतं, त्यामुळे शेवटी शेवटी हरण्यातच फायदा. यांनी उलटं केलं, बाद झाल्यानंतर जो जास्त गुण मिळवेल त्याला पहिली निवड. म्हणजे बाद झालात तरी जिंकायलाच लागतं. लोक येतात पण बघायला, २० एप्रिल २०२४ ला मॉन्ट्रियलला २१,१०५ प्रेक्षक होते बायकांच्या मॅचला. आणि आपल्या मुलींनी २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, बहुतेक जणी लडाखच्या, तळं गोठलं की त्यावर शिकलेल्या. ते कोणाच्या स्टेटसला दिसलं नाही मला.


मालवणचो_गजालीकार:

माका आता कळाक लागला थोडा. पण शूटआउट काय तो? एकटो जातलो आणि गोल मारतलो, तेच्यात कसली मजा?


चिपळूणची_गोलकीपर:

गजालीकार दादा, मजा कमी आहे हे खरं आणि कारण सांगते. आमच्या मैदानी हॉकीत शूटआउटला ८ सेकंद मिळतात, गोलकीपरने एकदा अडवला तरी वेळ असेतो परत मारता येतो, दोघं धडपडतात, पडतात, उठतात. आईस हॉकीत अडवला की संपलं, दुसरी संधी नाही. त्यांनी एवढं जरी उचललं ना, की ८ सेकंद आणि परत मारायची मुभा, तरी फरक पडेल. गोलकीपर म्हणून माझ्या विरुद्ध बोलतेय मी हे.


बोटीवरचा_काका:

किंवा ऑलिंपिकसारखं करा. पहिल्या फेऱ्या झाल्या की तोच खेळाडू परत परत पाठवता येतो. सोची २०१४, अमेरिका रशिया, ओशी नावाचा एकच माणूस सहा वेळा गेला, चार गोल मारले, मॅच जिंकून दिली. मी तेव्हा बोटीवर होतो, क्रूमध्ये दोन युक्रेनियन आणि तीन रशियन, जेवणाच्या मेसमध्ये त्या रात्री कोणी कोणाशी बोललं नाही. एनएचएलमध्ये सगळे संपेपर्यंत तोच परत येऊ शकत नाही.

पण खरं सांगू का, प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीला, यातलं काहीच नसतं. पाचास पाच, २० मिनिटांचे पूर्ण पीरियड, गोल होईपर्यंत. १९३६ च्या मार्चमध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स, जादा वेळच ११६ मिनिटं ३० सेकंद चालला, रात्री सव्वादोनच्या पुढे ब्रुनेटो नावाच्या नवख्या पोराने गोल केला, १-०. एक गोल! मोहरदादा, तुमच्या मोठ्या पोस्टच्या हिशोबाने ती जगातली सगळ्यात कंटाळवाणी मॅच. नव्वद वर्षं झाली लोक तिच्याबद्दल बोलतायत.


देवगडी_मोहर:

बरं बाबांनो, पोस्ट मोठी करायचं मागे घेतो. ताईंचं माशाचं वाक्य लागलं.

पण ऑफसाइडवर कोणीच बोललं नाही आणि तो माझा मुद्दा मी सोडणार नाही. २०२०-२१ पासून पातं बर्फाला टेकलेलं नसलं आणि रेषेच्या वर हवेत असलं तरी चालतं, एवढं सैल केलं, तरी रिव्ह्यू चालूच. माझं म्हणणं रिव्ह्यूला ६० सेकंद द्या, साध्या स्पीडने बघा, त्यात नाही दिसलं तर गोल. ज्याला बघायला पाच मिनिटं लागतात त्याने कोणाचा फायदा झालेला नसतो. पंच, तुमच्याकडे रिव्ह्यूला किती वेळ देतात?


पेणचा_पंच:

गावच्या स्पर्धेत रिव्ह्यू म्हणजे दोन्ही संघांचे अध्यक्ष टेबलाशी येतात. वेळेची मर्यादा नाही. एकदा लाईट गेली म्हणून निकाल लागला.

मोहरभाऊ, एक मॅच दाखवा मला. ती जेलब्रेकवाली. लिंक नको, मला ते जमत नाही, मे महिन्यात आंबा आणायला येतो तेव्हा तुमच्याकडेच बघू.


देवगडी_मोहर:

मेमध्ये प्लेऑफ असतात आणि तेव्हा तिकडे घड्याळ पुढे असतं, आपले पहाटेचे साडेचार. पेट्या भरायला तसंही उठतो आम्ही तेव्हा. या तुम्ही, पेट्या भरायला दोन हात वाढतील. गजालीकार, तुम्ही पण या.


मालवणचो_गजालीकार:

साडेचाराक मी होडयेर असतंय. रेंज गावली तर थयसूनच बघतंय. चकती दिसली तर फोटो धाडतंय.